बजी : दुसऱ्यांच्या नावावर गाजलेला बँड

मंडळी, मागच्या वेळी आपण ब्लॅक सॅबथबद्दल बोललो. आज त्याच काळातला, पण फारसं कुणी नाव न घेणारा बँड घेऊ या : बजी. बजी म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो इवलासा रंगीत पोपट. आपल्याकडे पक्ष्यांच्या दुकानात बरेच जण त्यालाच 'लव्हबर्ड' म्हणतात. वाजवायचं इतकं दणदणीत आणि नाव असं! हा विरोधाभास त्यांनी मुद्दाम ठेवला होता. तो नुसता नावात नाही, संगीतातही आहे. आज आपल्याला तेच बघायचं आहे.

आपल्यापैकी अनेकांनी बजीचं गाणं ऐकलेलं असतं. फक्त ते बजीचं आहे हे ठाऊक नसतं. मेटॅलिकाने १९८७ साली 'क्रॅश कोर्स इन ब्रेन सर्जरी' आणि १९८८ साली 'ब्रेडफॅन' रेकॉर्ड केलं. आयर्न मेडननेही त्यांचं एक गाणं घेतलं. त्यामुळे बजीची ओळख काय उरली? तर 'मेटॅलिकाने ज्यांची गाणी वाजवली ते'. ही ओळख खोटी नाही, पण अर्धी आहे, असं आम्हाला वाटतं.

हे तिघे वेल्समधल्या कार्डिफचे. बर्क शेली बास वाजवायचा आणि गायचाही. टोनी बोर्ज गिटारवर, रे फिलिप्स ड्रम्सवर. १९७१चा पहिला अल्बम निर्माता रॉजर बेनने केला, म्हणजे सॅबथचे पहिले तीन अल्बम करणारा तोच. म्हणून लोक म्हणतात, ही सॅबथची नक्कल. पण नीट ऐका. 'गट्स'चा रिफ, म्हणजे गिटारची पुन्हापुन्हा येणारी धून, जड आहे, मान्य. पण त्यावरचा शेलीचा आवाज उंच आणि पातळ आहे. आणि त्याच्या लगेच पुढे काय येतं? एक मिनिटही न टिकणारं, हळुवार गाणं. दुसरं असं, की तिघांच्या बँडमध्ये गिटार एकच. बोर्ज सोलो घ्यायला लागला की मागे रिफ धरायला दुसरी गिटार नाही. ती जागा शेलीचा बास भरून काढतो. बास इथे नुसता ठेका धरत नाही, गाणं पुढे नेतो.

१९७३चा 'नेव्हर टर्न युअर बॅक ऑन अ फ्रेंड' हा त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम. सुरुवात 'ब्रेडफॅन'ने : सुसाट रिफ, मध्येच सगळं शांत, मग पुन्हा तोच वेग. शेवटी 'पेरेंट्स', सुमारे दहा मिनिटांचं. मोठं झाल्यावर आईवडिलांच्या सूचना आठवतात, एवढाच विषय. पण बोर्जची गिटार तिथे अक्षरशः गाते. पुढच्यांनी उचलले ते रिफ. 'पेरेंट्स'साठी मात्र मूळ अल्बमकडेच जावं लागतं.

मग हे मागे का पडले? अगदीच अपयशी नव्हते. १९७४चा 'इन फॉर द किल' ब्रिटनच्या यादीत २९व्या क्रमांकावर गेला, १९७५चा 'बँडोलियर' ३६व्या. पण १९७३ ते १९७५ या तीन अल्बमवर तीन वेगळे ड्रमर आहेत. शिवाय 'यू आर द बिगेस्ट थिंग सिन्स पावडर्ड मिल्क' असल्या शीर्षकांमुळे अनेकांना ही सगळी थट्टाच वाटली असणार. आणि हेही सांगायला हवं, की १९७६पासूनच्या अल्बममध्ये ती धार तशी राहिली नाही.

शेली २०२२ साली गेला. त्याच्या बँडला तळटीप म्हणून ऐकायचं की बँड म्हणून, हे आता आपल्या हातात आहे. या आठवड्यात एवढंच करा : आधी 'ब्रेडफॅन', लगेच 'पेरेंट्स'. दोन्ही एकाच बँडची आहेत हे कानाला पटलं, की पहिला अल्बम लावा.