शहाबादच्या दगडात कोंडलेली हवा

ज्या घरात शहाबादी फरशी आहे, तेथील गृहिणीला लिंबाचा रस सांडला की फरशीचे तेज जाते हे सांगावे लागत नाही. परंतु रस पडताच त्या जागी जे बारीक बुडबुडे उठतात, त्यांतला वायू हा एके काळी पृथ्वीच्या वातावरणाचा अंश होता आणि कोट्यवधी वर्षांच्या बंदिवासानंतर तो आता मोकळा होत आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. ही पृथ्वी जीवसृष्टीस राहण्याजोगी कशी झाली, या प्रश्नाच्या उत्तराचा फार मोठा भाग, माझ्या मते, याच वायूच्या कैदेत आहे, आणि तिचे दाखले बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांच्या जमिनीत उघडे पडलेले आहेत.

सुमारे 454 कोटी वर्षांपूर्वी, बालसूर्याभोवती फिरणाऱ्या धुळीचे व खडकांचे पुंज एकमेकांवर आदळून पृथ्वी आकारास आली. त्या आघातांच्या उष्णतेने ती वितळली, जड लोह गाभ्यात उतरले आणि अंतर्भागातून निघालेल्या वाफेचे व कर्बद्विप्राणिल वायूचे दाट आवरण तिच्याभोवती जमले. पुढे वाफ निवून समुद्र झाले. तथापि केवळ पाण्याने काम भागले नसते. आपला शेजारी शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढाच. पण त्याचा कर्बवायू हवेतच राहिल्यामुळे तेथील हवेचा दाब आपल्याकडच्या सुमारे 90 पट आणि पृष्ठभागाचे तापमान 460 अंश सेल्सिअसच्या घरात आहे. पृथ्वीच्या खात्यावरही कर्ब साधारण तितकाच आहे. फरक एवढाच की आपल्याकडे त्याचा बहुतेक साठा दगडांत जमा झालेला आहे.

ही जमा कशी झाली? पावसाच्या थेंबात हवेतील कर्बवायू विरघळून सौम्य आम्ल बनते. ते खडकांना हळूहळू खाते. खडकांतून सुटलेले कॅल्शियम नद्यांवाटे समुद्रात जाते. आणि तेथे त्याच कर्बाशी संयोग पावून चुनखडीच्या रूपाने तळाशी बसते. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद, चित्तापूर, सेडम हा सारा टापू अशाच एका उथळ समुद्राचा तळ होता. भूशास्त्रज्ञ ज्याला भीमा खोऱ्याचा खडकसमूह म्हणतात, तो कवचधारी प्राणी पृथ्वीवर अवतरण्यापूर्वीचा, म्हणून त्यात शंख-शिंपले शोधणे व्यर्थ. खाणीत पाहावे तर करड्या-निळसर दगडाचे पापुद्र्यासारखे थर एकावर एक रचलेले दिसतात आणि छिन्नीच्या हलक्या घावाने सपाट सुटतात. त्या चुनखडीखालचा पाया त्याहूनही जुना. यादगीरचा किल्ला ज्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर उभा आहे, त्या जातीच्या खडकांचे वय सुमारे 250 कोटी वर्षे आहे.

या व्यवहारातील खरे आश्चर्य त्याच्या समतोलात आहे. आरंभी सूर्याचे तेज आजच्यापेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी होते. तेव्हा सगळाच वायू कैद झाला असता तर समुद्र गोठले असते. पण ज्वालामुखी तो पुनःपुन्हा हवेत सोडीत राहिले. हवा तापली की पाऊस व खडकांची झीज वाढून वायू ओढला जाई, आणि गारठली की झीज मंदावून वायूचा साठा पुन्हा वाढे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला, तेव्हा त्याने भीमेच्या चुनखडीचा उत्तरेकडील भागही आपल्याखाली घेतला. लाव्हा थिजून झालेल्या त्याच काळ्या कातळाला पुढे दीर्घकाळ उष्ण व दमट हवेने इतके धुतले की कॅल्शियम व सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे उरले: तोच बिदरच्या पठाराचा तांबडा जांभा. बिदरच्या किल्ल्याचा खंदक याच दगडात खोदलेला आहे. सच्छिद्र जांभ्यातून झिरपणारे पाणी खालच्या घट्ट कातळापाशी अडते, हे ओळखूनच बहामनी अमदानीत नौबादची करेझ, म्हणजे भूमिगत बोगद्यांतून पाणी आणणारी योजना, बांधली गेली. आणि जांभ्याचा तांबडेपणा हा मुक्त प्राणवायूचा पुरावा होय. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म नीलहरित जीवांनी तो वायू निर्माण केला व सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला. त्यापूर्वीच्या हवेत लोह असे गंजले नसते.

आज वाडी आणि सेडमच्या परिसरातील सिमेंटच्या भट्ट्यांत हीच चुनखडी तापविली जाते. सुमारे 900 अंशांवर ती फुटते आणि शुद्ध चुनखडीच्या दर 100 किलोंमागे 44 किलो वायू हवेत जातो. इंधनाचा धूर निराळाच. निव्वळ दगडातून सुटणारा हा वायू जगभरच्या सिमेंट कारखान्यांचा मिळून धरला, तर तो आजच्या सर्व ज्वालामुखींतून निघणाऱ्या कर्बवायूपेक्षा अधिक भरतो. आणि तो परत दगडात घालण्यास पावसाला व खडकांना लक्षावधी वर्षे लागतात.