पंचाचा रविवार

सकाळी ७. कर्जतमधल्या शाळेच्या सभागृहात टेबलं पुसून बुद्धिबळाचे पट मांडतो. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं. घड्याळांत १५ मिनिटं, वर प्रत्येक चालीला ५ सेकंद.

८.३०. खोपोली, पळसदरी, नेरळ, बदलापूरहून लोकलनं मुलं येतात. नोंदणी, मग मोबाइल पालकांकडे. स्पर्धा स्विस पद्धतीची, त्यामुळे हरलेलाही घरी जात नाही. पुढच्या फेरीत त्याला साधारण तेवढ्याच गुणांचा प्रतिस्पर्धी मिळतो. गावात जोडीदार नसलेल्या मुलाला एका दिवसात सहा डाव मिळतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

९.३०. पहिली फेरी. बहुतेक पटांवर इटालियन ओपनिंग: राजाचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. काहीजण चार चालींत मात द्यायला वजीर घेऊन धावतात. समोरचा सावध असला, तर त्याचे मोहरे बाहेर येत राहतात आणि यांच्या चाली वजीर वाचवण्यात जातात.

११. दुसरी फेरी. एका पटावर हात वर होतो. पांढऱ्यानं कॅसलिंग करताना आधी हत्ती उचलला, मग राजा. मी शेजारीच होतो. नियम स्पष्ट आहे: कॅसलिंगची सुरुवात राजानं, आणि एकाच हातानं. आता हत्तीच हलवावा लागेल. मुलगा तो एक घर सरकवतो. त्या बाजूचं कॅसलिंग संपलं, राजा मध्येच अडकला आणि वीसेक चालींत डाव गेला.

दुपारी १. जेवणानंतर तोच डाव मोकळ्या पटावर पुन्हा मांडतो. फेरी चालू असताना पंचानं एक अक्षर सुचवायचं नसतं. आता मोकळेपणानं बोलता येतं. मुलाला आठ चाली तोंडपाठ आहेत, पण उंट तिथे का, हे सांगता येत नाही. मग चालींमागे कल्पना असते हे दाखवायला महेशचंद्र बॅनर्जींची गोष्ट सांगतो. १८५० च्या सुमारास ते कोलकात्यात जॉन कॉक्रेनशी खेळत. केंद्र लगेच न व्यापता दुरून त्यावर दाब आणायचा, हा त्यांचा ढंग. ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव त्यांच्याच डावांमुळे रूढ झालं.

४.३०. शेवटची फेरी. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून मुलींच्या पालकांचे प्रश्नही बदललेत. ‘खेळू दे का?’ ऐवजी ‘पुढची स्पर्धा कुठे?’

६. निकालपत्रावर सह्या, बक्षिसं. निघताना प्रत्येक पालकाला एकच सांगतो: ओपनिंग पाठ करून घेऊ नका. प्रत्येक चालीमागचं कारण मुलाच्या तोंडून ऐका.