‘किरण’ : वैमानिकांची पाठशाळा

उदगीर किंवा देगलूर तालुक्यांतील शेतांत उभें असतां कधीं कधीं मोठी घरघर ऐकूं येते. मान वर करावी तों विमान दिसेनासें झालेलें असतें. शेजारींच बिदर येथें हवाई दलाचा तळ आहे. त्या तळाशीं ज्याचें नांव जोडलें गेलें, त्या ‘किरण’ विमानाची हकीकत आम्ही थोडक्यांत देत आहों.

जेट विमानाचें यंत्र पुढून हवा घेऊन ती दाबतें, तींत इंधन जाळतें व तप्त वायु वेगानें मागें सोडतें. त्याच्या प्रतिक्रियेनें विमान पुढें जातें. हा वेग इतका कीं, नवशिक्यास विचारास सवड मिळत नाहीं. म्हणून त्याच्या चुका पोटांत घालील असें विमान प्रथम हवें.

पूर्वी हें शिक्षण परदेशी ‘व्हॅम्पायर’ विमानांवर होई. त्यांच्या जागीं स्वदेशी विमान आणण्याकरितां बंगलोरच्या कारखान्यांत डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखालीं ‘किरण’ची आंखणी झाली. घाटगे महाराष्ट्रांतले, जर्मनींत गॉटिंगेन येथें प्रा. प्रांट्ल यांचे शिष्य. ४ सप्टेंबर १९६४ रोजीं ‘किरण’ प्रथम उडालें व १९६८ पासून हवाई दलास मिळूं लागलें. त्यांत गुरु व शिष्य शेजारीं शेजारीं बसतात. शिष्याचा हात कोठें चुकतो तें गुरूस तत्काळ दिसतें. १९७६ मध्यें अधिक बलवान यंत्राची दुसरी आवृत्ति उडाली. त्याच विमानांवर १९९६ मध्यें बिदर येथें ‘सूर्यकिरण’ हें कसरतपथक उभें राहिलें. शिक्षणास विमानें अपुरीं पडूं लागल्यानें २०११ मध्यें तें थांबलें. पुढें ‘हॉक’ विमानांवर पुन्हां सुरू झालें.

परंतु या कथेस एक दुःखद बाजूहि आहे. ‘किरण’वरून अतिवेगवान ‘मिग-२१’ वर जाणें म्हणजे मधली पायरी गाळून उडी घेणें होय. ही पायरी हवी, असें १९८२ मध्येंच एका समितीनें सांगितलें होतें; तरी ‘हॉक’ बिदरला आलें तें २००८ मध्यें. मधल्या सव्वीस वर्षांत कित्येक तरुण वैमानिक ‘मिग’च्या अपघातांत प्राणांस मुकले. सर्वच अपघातांचें कारण हें नव्हे. पण शिक्षणांतील उणीव त्यांत होती.

विद्यार्थिमित्रांनो, पायरी गाळून वर चढूं पाहणाऱ्याचा दोष नेहमीं त्याचाच असतो असें नाहीं. जिना बांधणाऱ्यांचाहि असतो. उद्यां तुमच्यापैकीं कोणी उडतील, कोणी जिने बांधतील. दोघांनींहि हें ध्यानांत ठेवावें.