चिंतामणी म्हणजे काय?



परिपाठाच्या शेवटी आपण पसायदान म्हणतो. त्यात चिंतामणी हा शब्द येतो. तो म्हणजे काय, ते मी सांगणार आहे.

आपण काळजीला चिंता म्हणतो. पण बाईंनी सांगितले की संस्कृतमध्ये चिंता म्हणजे विचार. चिंतन हा शब्द त्यातलाच. म्हणून चिंतामणी म्हणजे विचाराचा मणी. मनात जे आणावे ते हा मणी देतो, असे गोष्टीत सांगतात. परीस फक्त लोखंडाचे सोने करतो. घरात लोखंडच नसले तर परीस काय कामाचा? चिंतामणीला काहीच लागत नाही. नुसता विचार पुरतो. पण तो कुठल्याही खाणीत सापडत नाही. तो माणसांनी कल्पनेने घडवला आहे.

पुणे जिल्ह्यात थेऊरला अष्टविनायकांपैकी चिंतामणी गणपती आहे. तिथली कथा अशी. कपिल मुनींकडे चिंतामणी होता. गण नावाचा राजपुत्र सैन्य घेऊन आश्रमात आला. मुनींनी मण्याच्या जोरावर सगळ्यांना पोटभर जेवू घातले. गणाला हाव सुटली आणि त्याने मणी हिसकावून नेला. गणपतीने त्याच्याशी लढून मणी परत आणला. मग मुनींनी तो गणपतीच्याच गळ्यात घातला.

असल्या वस्तूचा धोकाही असतो. माझी आजी एका वाटसरूची गोष्ट सांगते. तो दमून एका झाडाखाली बसला. ते कल्पवृक्षाचे झाड होते, पण त्याला काय माहीत! त्याने जेवणाचा विचार केला, ताट आले. झोपेचा विचार केला, पलंग आला. मग मनात आले, आता वाघ आला तर? झाले! वाघ आला आणि त्याला खाऊन गेला. वाईट विचारसुद्धा खरा होतो, म्हणून विचार जपून करावा, असे आजी म्हणते.

ज्ञानेश्वरी इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे पूर्ण झाली. पसायदान तिच्या शेवटी आहे. ज्ञानेश्वरांनी त्यात दगडाचा मणी मागितलाच नाही. चांगली माणसे हीच चालती कल्पवृक्षांची बाग, जिवंत चिंतामणींचे गाव आणि बोलणारे अमृताचे समुद्र आहेत, असे त्यांनी म्हटले. अशी माणसे सगळ्यांना नेहमी भेटोत, हे त्यांचे मागणे.

बाईंनी वर्गात विचारले, चिंतामणी मिळाला तर काय मागाल? कुणी सायकल मागितली, कुणी विहिरीला पाणी. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, “दिवाळीनंतर आई-बापू ऊस तोडायला जातात, तवा मला हितंच ठेवा. माझी शाळा बुडू नये.” सगळा वर्ग गप्प झाला.

मला वाटते, या मागण्याला मणी लागत नाही. एखादी आजी, मावशी किंवा शेजारीण चार-पाच महिने तिला सांभाळू शकते. काही ठिकाणी हंगामी वसतिगृहही असते. पालकांनी याचा विचार करावा, ही विनंती.

खाली कोरा कागद चिकटवला आहे. चिंतामणी मिळाला तर तुम्ही काय मागाल, ते त्यावर लिहा. मोठ्यांनीही लिहावे. वाघ मात्र कुणी लिहू नका!

– इयत्ता चौथी