चिपचा शेअर आणि कांद्याचा भाव

कांद्याला चांगला भाव मिळाला की पुढच्या हंगामात जो तो कांदाच लावतो. मग मंडईत ढीग लागतात आणि भाव कोसळतो. मैत्रिणींनो, मोबाइलपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळीकडे बसणाऱ्या चिपचं, म्हणजे सेमीकंडक्टरचंही असंच असतं बरं का!

आज हा विषय काढायचं कारण आपलं पनवेल. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने तळोज्यात टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूहाच्या ८३,९४७ कोटी रुपयांच्या चिप प्रकल्पाला मंजुरी दिली. वर्ष उलटायच्या आतच अदानी समूहाने बोलणी थांबवल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा नुसत्या घोषणेवर शेअर घ्यायची घाई नको.

आणि कारखाना झाला तरी नफा दरवर्षी सारखा नसतो. चिपचा कारखाना उभारायला दोन-तीन वर्षं लागतात. टंचाई आली की सगळेच बांधायला घेतात आणि सगळ्यांचा माल एकदमच बाजारात येतो. २००० साली जगभरात सुमारे २०४ अब्ज डॉलरच्या चिप विकल्या गेल्या, २००१ मध्ये जेमतेम १३९ अब्जांच्या. २०२१ मध्ये चिप नाहीत म्हणून नव्या गाडीसाठी महिनोन्महिने थांबावं लागत होतं. आणि २०२३ च्या आर्थिक वर्षात मायक्रॉन या मेमरी चिप बनवणाऱ्या बड्या कंपनीला ५.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला!

खरी गोम पुढेच आहे. शेअर स्वस्त की महाग हे बघायला शेअरच्या किमतीला प्रत्येक शेअरमागच्या वार्षिक नफ्याने भागतात. यालाच पीई म्हणतात. समजा, शेअर ३०० रुपयांचा आणि नफा ३० रुपये, तर पीई १०. वाटतं, किती स्वस्त! पण तो नफा तेजीतला असतो. मंदीत तोच ३ रुपयांवर आला की त्याच किमतीला पीई १०० होतो. म्हणजे असा शेअर सगळ्यात स्वस्त दिसतो, तेव्हाच जास्त जपायला हवं.

म्हणून एका वर्षाचा नफा बघून भुलू नका. मागच्या सात-आठ वर्षांची सरासरी काढा, त्यात मंदीचं वर्ष आहे ना, तेही बघा. आणि मुलांच्या फीचे, लग्नाकार्याचे पैसे यात मुळीच घालू नका. भाव परत वर यायला वर्षं लागू शकतात, फीची तारीख मात्र थांबत नाही.