‘.३१५’ : एका काडतुसाचे देशीकरण
भिवंडीलगतच्या वसईत १७३९ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती. मराठीतील ‘काडतूस’ हा शब्द मुळात पोर्तुगीजच. परंतु शब्दाप्रमाणे वस्तूचेही देशीकरण होते. लष्करातून चोरलेली काडतुसे खाजगी रायफलींत चालू नयेत, म्हणून ब्रिटिश अमदानीत .३०३ माप नागरिकांस निषिद्ध होते. तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे ८ मिलिमीटर मानलिखर काडतूस शिकारीसाठी स्वीकारले गेले व ली-एन्फील्ड धर्तीच्या रायफली त्यास अनुरूप घडविण्यात आल्या. ८ मिलिमीटर म्हणजे ०.३१५ इंच, यावरून ‘.३१५’ हे नाव रूढ झाले. स्वातंत्र्योत्तर काळात ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेही याच मापाच्या रायफली बनविल्या. तात्पर्य, ‘लष्करी’ हे विशेषण येथे गुणवाचक नसून संबंधवाचक आहे : काडतूस तेच, व्हिएन्नात लष्करी, हिंदुस्थानात नागरी.