विजेच्या तारेतून संगीत

दिवे पेटवणाऱ्या तारेतूनच गाणंही घरात आणावं, ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची. एकाच तारेवर निरनिराळ्या वारंवारितांचे अनेक संदेश पाठवण्याची रीत अमेरिकी लष्करातले अधिकारी जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी १९१० च्या सुमारास सिद्ध केली. पुढे त्याच रीतीने क्लीव्हलंड शहरात वीजतारांवरून घरोघर संगीत पोहोचवलं गेलं, अर्थात मासिक वर्गणी घेऊन. रेडिओ फुकट गात असताना वर्गणी कोण भरणार? धंदा हॉटेलांकडे वळला आणि 'म्युझॅक' या नावाने जगभर गाजला.

आजचा पॉवरलाइन अडॅप्टर त्याच तत्त्वावर चालतो. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरा म्युझिक सिस्टिमपाशी. मधलं काम भिंतीतली तार करते. आपली वीज ५० हर्ट्झची, तर अडॅप्टरचा संदेश साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे किमान चाळीस हजार पट वरचा. त्यामुळे दोन्ही वेगळे काढणं सोपं. अवघड आहे तो गोंगाट. मोबाइलचा चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर, मिक्सरच्या मोटरीतल्या ठिणग्या, सगळ्यांचा कचरा याच तारेवर पडतो. २००५ च्या 'होमप्लग एव्ही' मानकाने संदेश शेकडो बारीक वाहक-लहरींवर वाटून दिला. जिथे गोंगाट जास्त, तिथे कमी माहिती. शिवाय हा गोंगाट विजेच्या लाटेबरोबर सेकंदाला शंभर वेळा चढतो-उतरतो. अडॅप्टर ते ओळखतो आणि लाटेच्या प्रत्येक भागासाठी माहितीची वाटणी बदलतो! मला यातलं खरं नवल हेच वाटतं.

खोक्यावरच्या २०० किंवा ५०० मेगाबिटच्या आकड्यांवर जाऊ नये. प्रत्यक्षात हाती फार कमी लागतं. पण गाण्याला लागतं किती? सीडीच्या दर्जाचा, न दाबलेला आवाजही सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे जेमतेम दीड मेगाबिट. जाड भिंतींपलीकडे वायफाय अडखळतं, अशा घरात ही तार पुरून उरते.

अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावा. स्पाइक बस्टरमधला फिल्टर गोंगाटाबरोबर संदेशही गिळतो. थ्री-फेज जोडणीच्या घरात दोन्ही टोकं एकाच फेजवर असलेली बरी. संदेश कधी मीटर ओलांडून शेजाऱ्याकडेही पोहोचतो. म्हणून जोडीचं बटण दाबून आपली स्वतंत्र सांकेतिक किल्ली तयार करून घ्यावी. विजेची घरघर गाण्यात मिसळेल ही भीती मात्र अनाठायी. चुकलेली माहिती पुन्हा मागवली जाते. गाणं थांबेल, पण त्या घरघरीने बेसूर होणार नाही.

झळ बसते ती शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांना. त्यांची केंद्रंही अडॅप्टरच्याच पट्ट्यात असतात, आणि घरातल्या तारा नकळत एरियलचं काम करतात. हौशी रेडिओवाल्यांच्या वारंवारिता अडॅप्टर सहसा मोकळ्या सोडतो. दूरदेशीचं केंद्र लावून बसलेल्या आजोबांसाठी तशी सोय बहुधा नसते.